तात्यांचं दुसरं लोढणं

तात्या गेले हे आम्हाला शिळफाट्यावर कळलं. आई आणि मी बाजारात होतो. आई भेंडी निवडत होती, आणि तात्यांच्या गावचा एक माणूस टेंपोतून पाट्या उतरवता उतरवता थांबून म्हणाला, ‘‘वहिनी, तुमाला निरोप नाय पोचला? तात्या पहाटं गेलं.’’ आईच्या हातातली भेंडी हातातच राहिली. तिने त्याला दोनदा विचारलं, कधी, कसं... आणि मी तिच्या पिशवीचा बंद धरून उभी राहिले. मला त्या क्षणी जे वाटलं ते आधी लिहायला हवं, नाहीतर पुढचं काही लिहिण्यात अर्थ नाही. मला सुटल्यासारखं वाटलं. आता ते मला कधीच विचारणार नाहीत, असं वाटलं. त्याची लाज मागाहून आली, पण आधी सुटकाच आली. याला आता पाच आठवडे झाले.

तात्या म्हणजे पप्पांचे थोरले भाऊ. पप्पा तरुणपणीच खोपोलीला कारखान्यात लागले, वसाहतीत दोन खोल्या मिळाल्या, आणि मी तिथल्याच इंग्रजी शाळेत शिकले. तात्या मात्र पळसदरीच्या धरणापलीकडच्या आमच्या मूळ गावात राहिले. भात, भातामागून वाल, दोन बैल आणि एक कुत्रा. काकी माझ्या जन्माआधीच वारल्या होत्या, मूलबाळ नव्हतं. महिन्यातले दोन-तीन रविवार आम्ही त्यांच्याकडे जायचो. मी फारशी बोलत नसे. शाळेत इंग्रजी चुकेल म्हणून गप्प, गावात मराठी पुस्तकी वाटेल म्हणून गप्प. ‘बोल गं काहीतरी’ असं तात्या मला कधी म्हणाले नाहीत. त्यांच्या ओटीवर बसून नुसतं बघायची मुभा होती. फार बघत राहिलं की माणूस संशयी होतो. मला ती सवय तिथेच लागली असावी.

कुत्र्याचं नाव फौजदार. पिल्लू असताना तो दारात बसून येणाऱ्या-जाणाऱ्याच्या पिशवीत नाक घालून तपासणी करायचा, म्हणून ते नाव. गावात खरा फौजदार आला की पंचाईत व्हायची, त्या दिवसापुरतं तात्या त्याला ‘पाटील’ म्हणायचे, आणि मग गावचे पाटील रागवायचे. त्याला शिकवायची तात्यांची एक पद्धत होती. रोज सकाळी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी ते चुलीतल्या राखेची रेघ ओढत. फौजदाराने पाय आत टाकला की पंजा पांढरा होई. तात्या काही न बोलता तो पंजा धोतराच्या टोकाने पुसत आणि त्याला अंगणात नेऊन बसवत. दिवसातून दहा वेळा तसं झालं तर दहा वेळा. असं तीन-चार महिने चाललं. मग रेघ बंद झाली तरी तो उंबऱ्याशी आपसूक थांबू लागला. मला हे फार आवडायचं. पण मी हेही पाहिलंय की एकदा वाळत घातलेल्या भातावर लोळला म्हणून तात्यांनी त्याला पायताणाने मारलं, आणि मी बघतेय हे लक्षात आल्यावर पायताण पाठीमागे धरलं. सांगायचं तर दोन्ही सांगायला हवं.

मी दहावीला होते त्या वर्षी गणपती झाल्यावर फौजदाराने गोदामावशींची शेळी मारली. गोदामावशी म्हणजे तात्यांच्या शेजारीण. नवरा लवकर गेलेला, पाच शेळ्यांवर त्यांचं घर चालायचं, त्यातली एक गेली. आमच्याकडच्या त्या दोन-चार गावांत अशा वेळची एक रीत होती. शेळीवर गेलेल्या कुत्र्याला पहिल्या वेळी मारत नसत, त्याच्या गळ्यात लोढणं घालत. लोढणं म्हणजे हातभर लांबीचा लाकडी ओंडका. तो गळ्यातून असा लोंबतो की चालताना पुढच्या पायांत आडवा येतो. कुत्रा हळू चालू शकतो, धावू शकत नाही. ज्याची शेळी गेली त्यानेच दोरीची गाठ मारायची आणि सोडायचीही त्यानेच, कुत्र्याच्या मालकाने त्या गाठीला हात लावायचा नाही. मुदत होळीपर्यंत. तोवर कुत्रा नीट राहिला तर शेळीवाला येऊन आपल्या हाताने गाठ सोडतो, दोन्ही घरं एकत्र जेवतात आणि विषय संपतो. दुसऱ्यांदा शेळी मारली तर मात्र त्या कुत्र्याला ठेवत नसत.

गोदामावशींनी रडत रडत गाठ मारली. मग गाठ बघायच्या निमित्ताने त्या दोन-चार दिवसांनी येऊ लागल्या, पुढे रोजच. दोरीखाली बोट घालून सैल करायच्या, घासलं असेल तिथे हळद आणि खोबरेल लावायच्या आणि पदराखालून भाकरीचा तुकडा काढायच्या. ‘‘खा मेल्या. माजी शेळी पचली, ही पन पचंल.’’ फौजदार शेपटी हलवायचा. तात्या ओटीवरून म्हणायचे, ‘‘गोदे, त्याला असाच भरवत ऱ्हायलीस तर होळीला तो तुज्याच घरी जाईल.’’

लोढणं चांगलं होतं असं मी आजही म्हणणार नाही. ते ऐनाच्या लाकडाचं होतं, जड, कडा तशाच ठेवलेल्या. चालताना ते फौजदाराच्या गुडघ्यांवर आपटायचं आणि तिथली कातडी सोलवटून लाल झाली होती. रविवारी मी गेले की तो धावत यायचा प्रयत्न करायचा आणि तोंडावर पडायचा. तात्यांना मी एकदा धीर करून म्हटलं, हे बरोबर नाही. ते म्हणाले, बरोबर नायच. आणि विडी पेटवली. मला वाटलं ते माझी थट्टा करतायत.

त्याच सुमारास आमच्या वसाहतीच्या क्लबात टीव्हीसमोर दर रविवारी सकाळी गर्दी व्हायची. पाळीव प्राण्यांचा एक कार्यक्रम लागायचा, त्यात एक रुबाबदार गृहस्थ कुत्री शिकवायचे. सगळे त्यांना कॅप्टनसाहेब म्हणायचे. ते कसले कॅप्टन होते ते कुणालाच माहीत नव्हतं. सुरुवातीला कुत्रा अंगावर धावून जाताना दिसायचा, मालकीण घाबरलेली असायची. मग कॅप्टनसाहेब त्याच्या गळ्यात आपला नेहमीचा रुमाल बांधायचे, चार पावलं चालायचे, वाद्यं वाजायची आणि शेवटी तोच कुत्रा गायीसारखा बसलेला. मार नाही, आरडाओरडा नाही. ‘प्रेम आणि विश्वास’ हे त्यांचं वाक्य मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं होतं. माझ्या सगळ्या संशयातून तो माणूस कसा काय सुटला याचं मला अजून नवल वाटतं. बहुधा तो इंग्रजी छान बोलायचा म्हणून.

दिवाळीच्या सुट्टीत मी त्या कार्यक्रमाला पत्र लिहिलं. इंग्रजीत, तीनदा खरडा करून. एका खेड्यात कुत्र्याच्या गळ्यात ओंडका बांधतात, तो त्याच्या गुडघ्यांवर आपटतो, जखमा होतात, लोकांना समजत नाही, आपण येऊन त्यांना शिकवावं. गावाचं नाव लिहिलं, तात्यांचं लिहिलं. खाली माझं नाव लिहून ते कृपया सांगू नये अशी विनंती केली. जे तोंडाने बोलायला जमत नाही ते परक्या भाषेत परक्या माणसाला लिहायला किती सोपं जातं... पत्र टाकलं तेव्हा मला आपण फार धाडसी आहोत असं वाटलं होतं.

संक्रांतीनंतरच्या आठवड्यात ते खरंच आले. दोन गाड्या, कॅमेरा, चार माणसं. आधी निरोप आला होता, म्हणून पप्पांनी मला आदल्या दिवशीच गावी नेऊन सोडलं, साहेबांचं इंग्रजी समजून घ्यायला घरातलं कुणीतरी हवं म्हणून. मी कॉफीचे कप विसळत होते तेव्हा अंगणात कॅप्टनसाहेबांनी खिशातून माझं पत्र काढलं, तोडक्या मराठीत सगळ्यांना सांगितलं की एका शाळकरी मुलीने हे इंग्रजीत लिहिलंय, ओंडका कुत्र्याच्या गुडघ्यांना लागतो म्हणून, नाव मी सांगणार नाही, आणि माझ्याकडे बघून डोळा मिचकावला. मी तात्यांकडे बघितलं नाही. त्यांच्या चपला दिसत होत्या, त्या हलल्या नाहीत. थोड्या वेळाने ते आत आले, म्हणाले, ‘‘बाय, कप ऱ्हाऊ दे. साहेबाला काय पायजे ते बघ.’’ एवढंच.

त्या दिवशी काय आधी झालं आणि काय नंतर, हे मी नीट सांगते, कारण टीव्हीवर ते उलटं दिसलं. सकाळी कॅप्टनसाहेबांनी लोढणं काढायला सांगितलं. तात्या म्हणाले, गोदाला बोलवा. गोदामावशी आल्या, त्यांनी गाठ सोडली आणि संध्याकाळी परत बांधीन म्हणाल्या. मग साहेबांच्या मदतनिसाने फौजदाराला गोठ्यामागे नेलं. मी त्याच्यासाठी पाणी घेऊन गेले, म्हणून मला दिसलं. फौजदाराच्या गळ्यात त्याने एक पोलादी साखळी चढवली होती. तिला आतल्या बाजूने बोथट दाते होते, दोरी ओढली की ते मानेत रुतायचे. त्यावरून त्याने तो लाल रुमाल बांधला, नीट घड्या घालून, आणि मला म्हणाला, थँक यू. मग त्याला गोदामावशींच्या शेळ्यांसमोरून चालवलं. पहिल्यांदा तो झेपावला आणि असा ओरडला की बैल उठून उभे राहिले. दुसऱ्यांदा ओरड लहान होती. तिसऱ्यांदा तो मान खाली घालून गेला, शेळ्यांकडे त्याने बघितलंही नाही. त्या तिसऱ्या वेळी कॅमेरा चालू होता.

दुपारी तात्यांनी सगळ्यांना पोपटी खायला घातली, वालाच्या शेंगा मडक्यात भांबुर्डीच्या पाल्यात भाजलेल्या. साहेबांनी दोनदा मागून घेतल्या. मग म्हणाले, आता सुरुवातीचं घेऊ. म्हणजे न सुधारलेला कुत्रा. साखळी काढली, गोदामावशींना पुन्हा लोढणं बांधायला सांगितलं. आपलं चित्र निघणार म्हणून त्या घरी जाऊन चांगलं लुगडं नेसून आल्या होत्या. मदतनिसाने त्यांना सांगितलं, मावशी, जरा जोरात आवळा, हसू नका. त्यांनी बिचाऱ्यांनी तसं केलं. मग त्याने आडोशाला उभं राहून फौजदाराला काठीने डिवचलं, तो भुंकला, दात दाखवले, लोढण्यासकट पडला. कॅमेरा चालू होता. आणि शेवटी कॅप्टनसाहेब पुढे आले, खिशातून चाकू काढला आणि दोरी कापली.

गोदामावशी तिथेच उभ्या होत्या. सोडायची गाठ त्यांची होती, हे अंगणातल्या प्रत्येकाला माहीत होतं, साहेबांना सोडून. ते मला इंग्रजीत म्हणाले, ह्या बाईंना सांग की हा क्रूरपणा आहे, पुन्हा कुठल्याही कुत्र्याला असं करू नका. मी ते सांगितलं, अगदी शब्दाला शब्द. गोदामावशी माझ्याकडे बघत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, ‘‘माजी शेळी मेली तवा हा कुटं होता, ते विचार त्याला.’’ साहेबांनी विचारलं, काय म्हणतायत? कॅमेरा माझ्याकडे वळला होता. माझे कान तापले. मी म्हणाले, ‘‘शी इज व्हेरी हॅपी.’’ साहेब हसले आणि त्यांनी गोदामावशींना हात जोडले. गोदामावशींना इंग्रजी येत नव्हतं, पण मी काय केलं ते कळण्यासाठी इंग्रजीची गरज नव्हती.

संध्याकाळी गाड्या गेल्या. लोढणं साहेबांनी लोकांना दाखवायला नेलं. रुमाल भेट म्हणून फौजदाराच्या गळ्यात ठेवला आणि साखळी नेली. साखळीबद्दल मी तात्यांना सांगायला हवं होतं, पण सांगायचं तर पत्राचंही सांगावं लागलं असतं... दिवे लागताना मी ओटीवर बसले होते, तात्या अंगणात कोयत्याने पांगाऱ्याचं एक लाकूड तासत होते. हलक्या हाताने, कडा गोल करत. मला वाटलं कसला तरी दांडा करतायत. दुसऱ्या दिवशी पप्पांनी मला परत नेलं.

पुढचं मी पप्पांकडून ऐकलं. तात्या दोनदा गोदामावशींकडे गेले, गाठ बांध म्हणायला. त्यांनी नाही म्हटलं. तुमचा कुत्रा आता सुधारला, त्याला माझ्यासारख्या बाईच्या गाठीची काय गरज, म्हणाल्या. तात्यांनी स्वतः बांधलं असतं तर कोण अडवणार होतं? पण त्यांनी ते केलं नाही. चार दिवस फौजदाराला गोठ्यात डांबलं, पाचव्या दिवशी तो दाव्यासकट सुटला. या वेळी लहान करडू होतं. गोदामावशींनी करडू आणून तात्यांच्या अंगणात ठेवलं आणि त्या गेल्या. तात्यांनी फौजदाराच्या गळ्यातला रुमाल काढला आणि त्याला धरणाकडच्या रानात नेलं. डुकरांपासून शेत राखायला बंदूक ठेवणारा त्यांच्या ओळखीचा एकजण तिकडे राहायचा. अंधार पडायच्या आत ते एकटेच परत आले.

आणि त्यानंतर तीन आठवड्यांनी कार्यक्रम लागला. पप्पांनी तात्यांना बोलावलं होतं, मला वाटलं ते येणार नाहीत, पण ते आले. धुतलेलं धोतर, टोपी, हातात काठी. क्लबातल्या बायकांनी त्यांना पुढची खुर्ची दिली. मी मागे भिंतीला टेकून उभी होते. पडद्यावर गोदामावशी आल्या, ओठ घट्ट मिटून दोरी आवळताना, आणि गोड आवाजातली एक बाई अज्ञानाबद्दल काहीतरी बोलली. फौजदार भुंकला. दोरी कापली गेली. कॅप्टनसाहेब म्हणाले, सकाळी आम्ही आलो तेव्हा हा असा होता, आणि अवघ्या दोन तासांत, प्रेमाने आणि विश्वासाने... मग वाद्यं वाजली आणि फौजदार शेळ्यांसमोरून मान खाली घालून गेला. काळ्यापांढऱ्या पडद्यावर रुमाल राखाडी दिसत होता. माझं लक्ष अंगणातल्या शेवग्याकडे होतं. सकाळी त्याची सावली विहिरीकडे पडते आणि दुपारनंतर गोठ्याकडे. पडद्यावर साहेबांच्या सकाळी सावली गोठ्याकडे होती, आणि दोन तासांनी ती विहिरीकडे गेली होती. क्लबात पन्नासएक माणसं होती, त्यातले निम्मे शेतकऱ्यांच्या घरचे, आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

मग कुणीतरी मोठ्याने विचारलं, ‘‘काय तात्या, आता कसा आहे तुमचा फौजदार?’’ सगळे त्यांच्याकडे वळले. तात्या काठीवर हात ठेवून उठले आणि म्हणाले, ‘‘आता कोनाला तरास नाय देत.’’ लोक हसले, पुन्हा टाळ्या झाल्या. त्या वाक्यात खोटं काहीच नव्हतं. जाताना ते माझ्यापाशी क्षणभर थांबले, डोक्यावर हात ठेवला आणि गेले. मला वाचवायला ते तसं बोलले की स्वतःला, की त्या घटकेला टाळ्या मारणाऱ्यांना काही सांगण्यात अर्थ नाही म्हणून... मी अनेक वर्षं या एका वाक्याचा तपास करतेय. तात्यांनीही साहेबांसारखंच अर्धं दाखवून अर्धं झाकलं, असंही मला कधी कधी वाटतं.

मी त्या कार्यक्रमाला दुसरं पत्र लिहिलं. साखळी, सावली, करडू, धरण, सगळं. या वेळी नाव झाकायची विनंती केली नाही. महिन्याने पाकीट आलं. आत कॅप्टनसाहेबांचा सहीचा फोटो, शेजारी एक मोठा केसाळ कुत्रा आणि त्याच्या गळ्यात रुमाल. ‘प्रिय मित्रास’ असं छापलेलं. मी पप्पांचं भिंग घेऊन त्या रुमालाच्या घड्या बघत बसले. काही दिसलं नाही, म्हणून काही नव्हतं असं मी म्हणणार नाही. आजही पडद्यावर एखादं शहाणं जनावर दिसलं की घरचे त्याच्या करामती बघतात आणि मी त्याची मान बघते. लोढण्याने जखम व्हायची, पण ती जखम अख्ख्या गावाला दिसायची, आणि जिने लोढणं बांधलं तिलाच ती रोज येऊन बघावी लागायची. रुमालाखालचं कुणी बघावं?

पत्र मी लिहिलं हे मी तात्यांना कधीच सांगितलं नाही. रविवार कमी होत गेले, मग माझं कॉलेज आलं, ते चांगलं निमित्त झालं. त्यांनी दुसरा कुत्रा पाळला नाही. मागच्या उन्हाळ्यात त्यांना दम्याने फार धरलं, कर्जतच्या दवाखान्यात होते तेव्हा मी एकटी भेटायला गेले. सांगायचं ठरवूनच गेले होते. वाक्यही तयार होतं. मी मोसंबी सोलत होते आणि तेच म्हणाले, ‘‘ते कुत्र्याचं अजून लागतंय का गं टीवीत?’’ मी म्हणाले, माहीत नाही, मी बघत नाही आता. ते दम खात हसले. ‘‘बघावं. तुला दिसतंय बरोबर, बाय. बोलत नायस तेवढं.’’ माझ्या हातातली साल तुटली. मी मान खाली घालून फोडी सोलत राहिले. आजूबाजूच्या खाटांवर माणसं होती, नर्स आली, सहाची गाडी होती... कारणं मी नीट जमवून ठेवली आहेत. ती आमची शेवटची भेट.

तेराव्याला गावी गेले. जेवणं झाल्यावर पप्पा आणि बाकीचे ओटीवर कागदपत्रांचं बोलत होते. मी गोठ्यात गेले. बैल आता नाहीत, गव्हाणीवर धूळ आहे. खुंटीवर एक लोढणं लटकत होतं. मला आधी वाटलं तेच ते, पण ते तर साहेबांनी नेलं होतं. मी ते खाली काढलं आणि हाताला एकदम हलकं लागलं. पांगाऱ्याचं. हातभर नाही, वीतभर, गुडघ्याच्या वरच राहील असं. सगळ्या कडा तासून गोल केलेल्या आणि खालच्या टोकाला धोतराचा जुना कपडा गुंडाळून सुतळीने शिवलेला. वरच्या भोकातून दोरी ओवलेली होती.

मागे पावलं वाजली. गोदामावशी होत्या, खूप वाकलेल्या. त्या दिवसानंतर आम्ही एकमेकींशी एक शब्द बोललो नव्हतो. त्यांनी माझ्या हातातलं लोढणं बघितलं आणि गव्हाणीच्या कडेला टेकल्या.

‘‘गाड्या गेल्या तवाच बनवलंता,’’ त्या म्हणाल्या. ‘‘माज्या दारात घेऊन आला. बोलला, गोदे, पोरीनं लिवलंय गुडघ्याला लागतंय म्हनून, तर आता हे बांद.’’

मी विचारलं, तात्यांना माहीत होतं? त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की पंधरा वर्षांची असल्यासारखं वाटलं. ‘‘गावात दुसरं कोन इंग्रजी लिवतंय? म्हशी?’’ मग पदराने गव्हाणीवरची धूळ पुसत म्हणाल्या, ‘‘मी नाय बांदलं. हातात पन नाय घेतलं.’’

मी म्हणाले, मावशी, तेव्हा तुम्ही जे विचारलंत ते मी साहेबांना सांगितलं नाही. खोटं सांगितलं. त्या म्हणाल्या, ठावं हाय. आणि हात पुढे केला. मी लोढणं त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते तोलून पाहिलं, कपड्यावरून अंगठा फिरवला, कडा चाचपल्या, मी नुकतंच केलं होतं अगदी तसंच.

मग त्यांनीच ते परत खुंटीला अडकवलं. बाहेरून पप्पांची हाक आली, गाडीची वेळ झाली होती. मी दारातून एकदा वळून बघितलं. दोरी वर्षानुवर्षं तशीच लोंबून ताठ झाली होती, आणि तिची दोन्ही टोकं मोकळी होती. त्यांच्यावर गाठीचा वळसुद्धा पडलेला नव्हता.